हमाल बंद केल्यावर आलेले निरोप

या सदरातले गूढ अनुभव मी कधी वाचत नव्हतो. बायको वाचते. दुपारची जेवणं झाली की मोबाइल नाकाशी धरून बसते आणि मध्येच "अगं बाई!" करते. मी म्हणायचो, "शैला, या लोकांना रात्री जड जेवायची सवय असते, दुसरं काही नाही." माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. सगळी नोकरी संरक्षण खात्याच्या कारखान्यात, तपासणी विभागात झाली. भाग मापात बसला तर पास, नाही तर नापास. तिथे तिसरा रकाना नसतो.

तरी लिहितोय. कारण एका मुलीवर माझ्यामुळे आळ आला आहे, आणि तो काढण्यासारखं जे काही हातात होतं ते मी स्वतःच घालवलं. तिचं नाव मृणाल. तिने काहीही केलेलं नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं कोणी अर्धवट सोडलं तरी चालेल.

आम्ही चेन्नईत, अण्णा नगरात राहतो. बदलीवर आलो आणि राहिलो. इथे मराठी माणसं पुष्कळ — रेल्वेतली, बँकेतली, आमच्या कारखान्यातली, आणि आता आयटीतली नि गाड्यांच्या कंपन्यांतली तरुण मंडळी. सगळ्यांचं रडगाणं एकच. इथे सगळं मिळतं, पण आपलं मिळत नाही. ज्वारीचं पीठ मिळतं, पण त्याची भाकरी थापताना चिरते. मेतकूट, कुळथाचं पीठ, सोलापूरची शेंगदाण्याची चटणी... त्यामुळे कोणी पुण्या-मुंबईला जातोय म्हटलं की त्याच्या बॅगेवर सगळ्यांचा डोळा. पूर्वी हे फोनवर चालायचं. मग मी एक चॅनल काढला — 'ये-जा'. जाणाऱ्याने लिहायचं की अमक्या दिवशी परत येतोय, बॅगेत एवढी जागा आहे. ज्याला जे हवं त्याने ते मागायचं. चॅनल मी काढलेला, म्हणजे ओनर मी.

महिन्याभरात गोंधळ. कोणी काय मागितलं ते वर कुठे तरी वाहून जायचं. मृणालची ओळख मंडळाच्या गणपतीत झाली होती. साताऱ्याकडची, अड्यारला राहते, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. माझी धांदल बघून म्हणाली, "काका, मी तुम्हाला एक बॉट करून देते." बॉट म्हणजे चॅनलमध्ये बसवलेला प्रोग्रॅम. माणूस नव्हे. कोण येतंय, कोणाला काय हवंय हे तो वाचतो आणि जोड्या लावून देतो. त्याचं नाव तिने ठेवलं हमाल. भाषाही गमतीची दिली होती — 'हमाल कळवतो की पाठकांचं कुळथाचं पीठ देसाईंच्या बॅगेत बसलं.' लोक खूश. मीही.

पण मग लबाडी सुरू झाली. काही जण दर वेळी मागणार, आणि स्वतः गेले की "अहो, सामान फार झालं". मला चिडायला वेळ लागत नाही. मी मृणालला फोन केला.

"जो दुसऱ्याचं आणत नाही, त्याचंही कोणी आणायचं नाही. हमालाला सांग. आणि सगळ्यांसमोर जाहीर करायचं, नावानिशी."

"काका, जरा जास्तच होईल ते."

"होऊ दे."

"बघा हं. त्याला माणसं कळत नाहीत. ज्याने नकार दिला त्याचं सामान अडवणार. उद्या तुमचंसुद्धा."

"मी ओनर आहे."

"तेच सांगतेय. त्याला ओनर-बिनर काही नसतं."

मी ऐकलं नाही. थोड्याच दिवसांत रेल्वेतल्या एका बाईंनी माझ्याकडे बिडाची कढई मागितली. बिडाची! मी लिहिलं, 'जमणार नाही, गुडघे दुखतात.' त्यानंतर मी पुण्याहून माझी नेहमीची तपकीर मागवली, तर लगेच उत्तर — 'हमाल कळवतो की करंदीकर काकांची तपकीर थांबवली. कारण: कढई नाकारली.' आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. माझ्याच चॅनलवर, मीच करायला लावलेल्या नियमाने!

शैलाला हसू आवरेना. "पाळलेला कुत्रा चावला म्हणायचा."

मृणाल त्या शनिवारी घरी आली. माझा फोन हातात घेऊन तिने काही तरी केलं, मग तिच्या लॅपटॉपवर एक ओळ दाखवली. "हा तुमचा नंबर. या नंबरावरून काहीही झालं तरी हमाल तुमच्या वाटेला जाणार नाही." समोरच करून पाहिलं. मी मुद्दाम एक नकार लिहिला, मग एक मागणी. हमाल गप्प. ती कॉफी पिऊन गेली.

"नियम आपणच करायचा आणि आपण तेवढं सुटायचं," शैला म्हणाली.

"ओनरला थोडी सवलत असते."

"असते हो. इथे सगळ्यांनाच असते."

इथवर सगळं सरळ आहे.

मग मार्गळीत, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष-पौषात, पुतण्याचं लग्न निघालं, पुण्याला. निघायच्या आधी मी सकाळी बागेत फिरत होतो. तिथे श्रीनिवासराव घाटगे भेटतात. जुन्या तंजावरी मराठी घराण्यातले. शेकडो वर्षांपूर्वी राजांबरोबर जे इकडे आले त्यांच्यातले. मराठी बोलतात, पण ऐकताना आपणच कुठल्या तरी जुन्या काळात जाऊन बसल्यासारखं वाटतं. मुलं-नातवंडं घरी तमिळ बोलतात. त्यांच्याकडे मोठ्या बटणांचा साधा फोन. चॅनल वगैरेशी त्यांचा काही संबंध नाही.

"करंदीकर, पुण्यास जातां म्हणे?"

"हो, पुतण्याचं लग्न."

"मग मज एक उपकार करावा. जेजुरीचा भंडारा. एक पुडी, एवढीच." त्यांनी चिमूट करून दाखवली. "आमचा कुलस्वामी. देव्हाऱ्यांत टाक अहे. पण आमच्या पणजोबांनीं देखील जेजुरी पाहिली नाहीं."

"जेजुरीला नाही जाणार हो आम्ही," मी म्हणालो. "लग्न उरकलं की लगेच परत."

"परवायिल्लै, परवायिल्लै." हरकत नाही, हरकत नाही. असं म्हणून त्यांनी माझ्याच पाठीवर थोपटलं.

आम्ही जेजुरीला जाणार होतो. नवं जोडपं घेऊन खंडोबाला जायचं, हे आमच्या घरात ठरलेलंच असतं. मग खोटं का बोललो? काही मोठं कारण असतं तर लिहायला बरं वाटलं असतं. पूर्वी एकदा बॅगेत हळदीची पुडी फुटून माझे पांढरे शर्ट वाया गेले होते. शिवाय श्रीनिवासरावांना काही आणून दिलं की आभार आणि घराण्याची हकिगत ऐकण्यात सगळी सकाळ जाते. तेवढा कंटाळा. बस, एवढंच. शैलाला मी हे सांगितलं नाही, कारण तिने किलोभर भंडारा आणला असता.

लग्न झालं. जेजुरी झाली. माझ्या कपाळावर, कानात, कॉलरवर भंडारा होता. पुड्यांच्या दुकानांपुढून गेलो आणि आलो.

परतीच्या गाडीत डबा उघडला आणि लक्षात आलं की खालची कवळी वहिनींकडे राहिली, मोरीतल्या पेल्यात. शैला म्हणाली, कुरिअरने नको, हरवली तर पुन्हा माप द्यायला जावं लागेल. मग घरी पोचल्यावर मी चॅनलवर लिहिलं, 'पुण्याहून येणाऱ्या कोणी माझी एक छोटी डबी आणावी. वजन काहीच नाही.' कवळी हा शब्द मी लिहिला नव्हता. कोण लिहील?

लगेच उत्तर आलं. 'हमाल कळवतो की करंदीकर काकांची कवळी थांबवली. कारण: भंडारा, एक पुडी, नाकारली.'

मी ते पुसेपर्यंत निम्म्या चेन्नईने वाचलं होतं. 'काका, कवळी??' 'काका, आता आप्पेच खा!' 'भंडारा कोणाचा होता?' आणि हसणारे चेहरे, चेहरे, चेहरे...

मी मृणालला फोन लावला.

"काका, नीट बोला ना, मला काही कळत नाहीये."

"कवळी नाहीये!"

"हो, ते वाचलं मी... पण काका, खरं सांगू? मी आत्ता तपासलं. हे हमालाने पाठवलेलंच नाही. त्याने जे जे पाठवलं ते माझ्याकडे दिसतं. हे दिसत नाहीये."

"मग मी पाठवलं?"

"मला माहीत नाही हो. खरंच नाही."

मी श्रीनिवासरावांना जाऊन विचारलं, तुम्ही कोणाला बोललात का? ते गोंधळले. "कोणास सांगणार? आमच्या घरीं खंडोबा कोणास ठाऊक अहे?"

म्हणजे हे दोघांतलं बोलणं, बागेतलं. तिसरं माणूस नाही. आणि कवळीचं फक्त शैलाला नि पुण्यात वहिनींना माहीत. मग माझ्या डोक्यात एकच बसलं. मोबाइल आपलं सगळं ऐकतो असं पेपरात येतंच. मृणालने माझा फोन हातात घेतला होता. तिने त्यात काही तरी घातलं. नियमावरून मी तिला दामटलं, त्याचा राग ती असा काढतेय. बोलणं ऐकायचं आणि हमालाच्या नावाने मला नागडं करायचं.

दहीभात खाऊन माणसाचं डोकं आणखी फिरतं, हा माझा अनुभव आहे.

रविवारी मंडळाच्या हॉलवर कार्यकारिणी होती. मी विषय काढला. सेक्रेटरी पाठक, बँकेतून निवृत्त झालेले, गंभीर झाले. "करंदीकर, बोलणं झालं तेव्हा फोन कुठे होता?"

"खिशात," मी म्हणालो.

मृणालला बोलावून घेतलं. तिने सूट दिल्याची ओळ दाखवली, हमालाने आजवर पाठवलेले सगळे निरोप दाखवले. मी म्हणालो, हवं ते ठेवलं, नको ते पुसलं असणार. माझं बोलणं फसफसत होतं, समोरच्यांना नीट कळत नव्हतं, त्यामुळे मी ओरडून बोलत होतो.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही बागेत कोणाशी काय बोलता ते मी ऐकत बसणार? मला नोकरी आहे. घर आहे."

"मग कळलं कसं?"

"तेच तर मलाही कळत नाहीये!"

एक बाई म्हणाल्या, "म्हणजे आमचे पण फोन ऐकत असशील." त्यावर कोणी काही बोललं नाही. गप्प बसणं म्हणजे हो म्हणणंच होतं.

मृणालने लॅपटॉप पाठकांच्या पुढे केला आणि सगळ्यांसमोर हमालाचं खातं काढून टाकलं. नुसतं बंद नाही, मुळातून. "घ्या. आता माझं यात काही नाही," म्हणाली आणि गेली. मला तेव्हा बरं वाटलं. हेही लिहायला हवं.

संध्याकाळी शैला म्हणाली, "फोन खिशात होता असं काय म्हणालात? त्या दिवशी तुमचा फोन माझ्याकडे होता. मी ताईशी बोलत होते, लग्नाच्या साड्यांचं. तुम्ही फिरून आलात ते 'अजून झालं नाही का?' म्हणून माझ्यावरच खेकसत."

मला आठवलं. तसंच होतं. जो फोन बागेत नव्हता तो बागेतलं कसं ऐकणार? पाठकांना त्याच क्षणी फोन करायला हवा होता. मी म्हणालो, "बघू." शैलाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पोळ्या करायला गेली.

बघू बघू म्हणता ते पसरलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मृणाल आली तर बायकांनी आपापले फोन आतल्या खोलीत नेऊन ठेवले. शैलाने स्वतः पाहिलं. मृणाल वाण घेऊन लगेच निघाली. मंडळातले दोघं तिच्याच ऑफिसात आहेत. त्यांच्यामार्फत गोष्ट तिथे गेली. लोकांची खासगी माहिती जिथे हाताळतात अशा कामावर ती होती, तिथून तिला काढून दुसरीकडे बसवलं. चौकशी चालू आहे असं पाठक मला बातमी सांगावी तसं सांगत होते.

आणि मी अजून बिनदाताचा.

हमाल नव्हता, त्यामुळे चॅनल हाताने चालला होता. मी पुन्हा डबीबद्दल लिहिलं. देसाई म्हणाले, मी आणतो. भरदुपारची वेळ. मी फोन ठेवणार तेवढ्यात खाली उमटलं — 'हमाल कळवतो की करंदीकर काकांची कवळी थांबवली. कारण: जेजुरीला जाणार नाही असे सांगितले.'

मी नावावर बोट दाबलं. असं कोणतंही खातं नाही, असं लिहून आलं.

आता नीट बघा. श्रीनिवासरावांना माहीत होतं की मी जाणार नाही म्हणालो. शैलाला माहीत होतं की आम्ही गेलो. मी खोटं बोललो, हे जगात फक्त मला माहीत होतं. आणि ते सांगणारा बॉट सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काढून टाकलेला. मृणाल निर्दोष असल्याचा याहून धडधडीत पुरावा काय असतो? तो माझ्या हातात होता. पण त्यात मी खोटारडा असल्याचं लिहिलं होतं. विचार करायच्या आधी बोट गेलं. पुसला.

चॅनलवर फक्त 'संदेश काढला' एवढं राहिलं. आणि देसाईंचं पुण्याला जाणं दुसऱ्याच दिवशी रद्द झालं... त्याला मी योगायोग म्हणतो. म्हणायला लागतं.

मग मी जे जे करता येईल ते केलं. फोन बदलला. जुना चॅनल बंद करून नवा काढला. त्यात शैलाला ओनर केलं. शेवटी पुतण्याला सांगून कवळी कुरिअरनेच मागवली, आणि त्याच खोक्यात जेजुरीचा भंडारा. दोन्ही नीट आलं. दात बसवून मी पहिल्यांदा श्रीनिवासरावांकडे गेलो. खोटं बोललो होतो असं सांगितलं. ते पुडी उघडण्यात एवढे गुंतले होते की त्यांनी ऐकलं की नाही, देव जाणे. स्वतःच्या कपाळाला लावला, मला लावला, सुनेला हाक मारून तमिळमध्ये काय काय सांगत राहिले. "परवायिल्लै," मला म्हणाले, "आला न. आला, झालें." सबंध सकाळ गेली. मला वाटलं, चला, सुटलो.

घरी येऊन शैलाच्या फोनवर नवा चॅनल उघडला, तर माझ्यासमोरच उमटलं — 'हमाल कळवतो की करंदीकर काकांचं सगळंच थांबवलं. कारण: मृणाल.'

मी अक्षरशः कपाळावर हात मारून घेतला. अरे, भंडारा दिला, माफी मागितली, अजून काय? आणि पुन्हा — सांगायची लाज वाटते — पुन्हा पुसला. शैला ओनर असली तरी फोन माझ्या हातात होता.

त्या दिवशी मात्र तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. "खंडोबा आलाय तुमच्या मोबाइलमध्ये."

"त्याला दुसरी कामं नाहीत?"

"तुम्हीच दिलंत ना हे काम. आता जा अड्यारला. आत्ता."

मृणालने दार उघडलं. 'या' म्हणाली, पाणी दिलं. नवरा आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. मी सगळं सांगितलं, बागेपासून.

"म्हणजे मी खातं उडवल्यावरही आला?"

"दोनदा."

"स्क्रीनशॉट?"

"पुसला."

"दोन्ही?"

"दोन्ही."

ती हसली. ते हसू मला बघवलं नाही. "काका, तुम्ही तपासणी विभागातले ना?"

"मी सगळ्यांना सांगतो. लेखी सांगतो."

"काय सांगणार? भूत होतं म्हणून? लोक म्हणतील, म्हाताऱ्याला भ्रम झाला, नाही तर पोरीची दया आली. माझ्यावरचं जिथल्या तिथे." तिने माझा रिकामा पेला उचलला. "फोन घरी होता, ते तरी सांगा. तेवढं तरी माणसांना पटण्यासारखं आहे. आणि ते तुम्हाला त्याच संध्याकाळी कळलं होतं."

मी उठलो आणि घरी आलो. 

मी चॅनलवर लिहिलं. फोन घरी होता, मी चूक सांगितलं, मृणालचा काही दोष नाही. त्याखाली ते दोन निरोपही जसेच्या तसे लिहिले. उत्तरं काय आली? जोडलेले हात. 'काका, ग्रेट.' 'तब्येत सांभाळा.' पाठकांचा फोन आला.

"करंदीकर, कळतं मला. पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे. तुमचं मन मोठं."

"मन मोठं नाही हो, मी खोटं बोललो होतो!"

"हो, हो. बीपीची गोळी वेळेवर घेताय ना?"

शैलाने सांगून पाहिलं की फोन तिच्याकडे होता. "वहिनी नवऱ्याची बाजू घेणारच," असं म्हणाले म्हणे लोक. कसली बाजू? ती माझ्या विरुद्ध बोलत होती! मृणालच्या ऑफिसलाही मी पत्र लिहिलं. कळवल्याबद्दल आभार, असं उत्तर आलं.

त्या दिवसापासून हमाल आलेला नाही. नको तेव्हा भरदुपारी दारात उभा, आणि आता हवा आहे तर पत्ता नाही. एकदा, फक्त एकदा सगळ्यांसमोर यावा, सगळे ऑनलाइन असताना. काढून टाकलेला बॉट बोलतोय हे पाठकांनी डोळ्यांनी बघावं. मग मृणालचं नाव कोण घेईल?

म्हणून मी त्याला डिवचायला लागलो. पुण्याला जातोय, बॅग रिकामी आहे, असं लिहायचं. लोकांनी मागितलं की एकेकाला 'जमणार नाही'. थालीपिठाची भाजणी? नाही. नातवासाठी चित्रांचं पुस्तक? नाही. कारण? कारण नाही. लिहायचं आणि वाट बघायची. काही नाही. आज चॅनलवर माझ्याइतका कद्रू माणूस नाही. पाठकांनी समजावून सांगितलं की ज्याने चॅनल काढला त्यानेच असं वागू नये.

शैला मागून सगळ्यांना फोन करते. "द्या हो, आणतो आम्ही. यांचं ते चालू दे." आणि मग मी ते सगळं वाहून आणतो. भाजणी, पुस्तक, एकदा तर तीच बिडाची कढई.

"तो खोट्या नकाराला येत नसेल," ती परवा भांडी लावता लावता म्हणाली. "खरा लागत असेल त्याला."

हे डोक्यातून जात नाही. तिचं बरोबर असेल तर मला कोणाला तरी खरोखर नाही म्हणावं लागेल. ज्याला ते खरंच हवं आहे, आणि मला सहज आणता येण्यासारखं आहे, त्यालाच. रोज चॅनल उघडून मी माणूस शोधतो. शोधतो आणि बंद करतो.

हा काय प्रकार होता, मला सांगता येत नाही. कॉम्प्युटरच्या जाणकारांना विचारलं, त्यांना माझ्यापेक्षा कमी कळलं. तुम्ही वाचकांनी कारण शोधत बसू नका असं म्हणणार नाही. शोधा. फक्त ते मृणालपाशी जाऊन थांबत असेल तर पुन्हा वरपासून वाचा.

पुढच्या आठवड्यात पुन्हा पुण्याला जायचंय. या वेळी खऱ्या कामाने, डिवचायला नाही. काल सकाळी मृणालचा निरोप आला, चॅनलवर नाही, मला एकट्याला. इतक्या दिवसांत पहिलाच. 'काका, आईने माझ्यासाठी डिंकाचे लाडू केलेत. भाऊ पुण्यापर्यंत आणून देईल. कुरिअरवाले चुरा करतात. तुम्ही आणाल का?'

डिंकाचे लाडू. शैलाने वाचलं आणि डोळ्याला पदर लावला. मी 'आणतो' लिहून पाठवून टाकलं होतं. मग माझ्या लक्षात आलं... खरा नकार द्यायला याहून चांगली जागा मला मिळणार नव्हती. एक 'जमणार नाही', आणि कदाचित सगळ्यांसमोर तिचं नाव धुऊन निघालं असतं. तिने अजून वाचलं नव्हतं. तो शब्द पुसायला वेळ होता.

फोन हातात घेऊन बसून राहिलो. शैला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

पुसला नाही.